रॉकेलचा हीटर रात्रभर मंद ठेवला तर चालेल का?

नमस्कार ताई,

आम्ही जपानमध्ये नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोला राहतो. यंदा कंपनीच्या फ्लॅटमधून एका जुन्या लाकडी भाड्याच्या घरात आलो. घर छान आहे, पण थंडी भिंतींतून आत येते आणि एसी पुरत नाही. घरमालक आजोबांनी आधीच्या भाडेकरूचा रॉकेलचा हीटर दिला. समोर जाळी, मागे चकचकीत पत्रा, बॅटरीवर पेटतो, टाकी वरून उचलून काढता येते. सोबत शेडमधला अर्धा भरलेला लाल कॅनही दिला. हीटर वापरायला त्यांची परवानगी आहे.

मुलगा तीन वर्षांचा आहे. सासूबाई गेल्या आठवड्यात साताऱ्याहून आल्या, फेब्रुवारीअखेर राहतील. आम्ही दोघं नोकरीवर असताना त्या आणि मुलगा घरी असतात. त्यांचं म्हणणं, वात बारीक करून हीटर रात्रभर ठेवू आणि वर पाण्याचं पातेलं ठेवू. नवरा हीटर चालू असतानाच टाकी काढून भरतो. विझवला की फार वास येतो आणि पुन्हा पेटवायला वेळ लागतो, असं तो म्हणतो. मी खिडकी उघडली की दोघंही म्हणतात, सगळी ऊब घालवलीस. माझं चुकतंय का? आणि त्या कॅनमधलं रॉकेल वापरू का?

– एक वाचक, मात्सुमोतो

नमस्कार,

तुमचं चुकत नाहीये. खिडकी उघडणाऱ्या तुम्ही घरात एकट्या असलात तरी बरोबर तुम्हीच आहात. बाकीचं उत्तर सवडीने वाचा, पण आज रात्रीपासून एवढं कराच: झोपण्याआधी हीटर विझवायचा, टाकी काढण्याआधी हीटर विझवायचा आणि शेडमधलं रॉकेल अजिबात वापरायचं नाही.

आधी रात्रीचं बोलू, कारण पत्र वाचताना मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटली.

सासूबाई सांगताहेत ते त्यांच्या अनुभवातून आलंय. कौलारू घरात दाराखालून, कौलांच्या फटींतून वारा सतत खेळत असतो. तिथे चूल पेटली काय किंवा शेगडी धगधगली काय, वाईट हवेला निघून जायला वाट असते. तरीही बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशा बातम्या उत्तर भारतातून दर थंडीत येतातच. तुमचं घर लाकडी आणि जुनं असलं तरी हिवाळ्यात तुम्ही सरकती दारं लावून घेता, जाड पडदे ओढता, फटींना फोमची पट्टी चिकटवता. थंडी अडवायला केलेलं हे सगळं ताजी हवाही अडवतं. आणि या हीटरला धुराडं नाही. जे जळतं त्याचं सगळं तुमच्याच खोलीत राहतं.

हिशेब करून दाखवते. असा हीटर तासाला साधारण पाव लिटर रॉकेल जाळतो. आठ तातामींची, म्हणजे आठ जपानी गवती चटया मावतील एवढी खोली धरा, सुमारे १३ चौरस मीटर. ती पूर्ण बंद असेल तर एका तासात हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या जवळ येतो. १८ च्या खाली गेला की ज्योतीला हवा पुरत नाही, रॉकेल अर्धवट जळायला लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. प्रत्यक्षात थोडीफार हवा कुठून तरी येत राहते, त्यामुळे दुसऱ्याच तासाला काही होत नाही. एखादी रात्र नीट पार पडते, दुसरीही पडते, आणि घरातल्यांना वाटायला लागतं की हे चालतंय. मग एखाद्या कडाक्याच्या रात्री कोणीतरी शेवटची फटही बुजवतं.

त्यात वात बारीक केली तर धोका वाढतोच. वातीचा हीटर एका ठरावीक ज्योतीवर स्वच्छ जळेल असा बनवलेला असतो. त्या उंचीच्या बरीच खाली वात नेली की जाळीचं नळकांडं पुरेसं तापत नाही, वायू पूर्ण न जळताच बाहेर पडतो. कंदिलाची वात बारीक करतो तसं इथे करता येत नाही. ‘मंद’ म्हणजे सुरक्षित, हा समज या यंत्राच्या बाबतीत उलटा आहे. ज्योत हीटरच्या माहितीपुस्तिकेत दाखवलीय तेवढीच ठेवायची आणि खोली तापली की सरळ विझवायचा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून हवेत थोडा असला तरी शरीरात साठत जातो. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, हातापायांतलं त्राण जाणं ही लक्षणं. घरातल्या सगळ्यांनाच एका वेळी असं वाटायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर ती सर्दी किंवा पित्त समजू नका. जागेपणी निदान ही लक्षणं कळतात. झोपेत ती कळतच नाहीत, माणूस गुंगीतून थेट बेशुद्धीत जातो. लहान मूल भराभर श्वास घेतं, त्यामुळे त्याला हा त्रास मोठ्यांच्या आधी होतो. सासूबाईंना हे सांगताना नातवाचंच सांगा. इतर कुठल्याही कारणापेक्षा ते त्यांना लवकर पटेल.

त्यांना रात्री थंडी वाजते ही गोष्ट मात्र खरी आहे, तिची सोय करायलाच हवी. झोपण्याआधी तासभर खोली तापवा, विझवा, हवा बदला आणि मग अंथरुणात ऊब द्या. जपानी दुकानांत ‘युताम्पो’ मिळतो, गरम पाण्याची चपटी बाटली. कापडी पिशवीत घालून पायाशी ठेवली की पहाटेपर्यंत ऊब देते. फक्त झोप लागण्याआधी ती अंगापासून जरा लांब सरकवायची, नाहीतर तासन्‌तास चिकटून राहिल्याने कातडी भाजते. किंवा गादीवर अंथरायची विजेची चादर घ्या. तिला वीज अगदी कमी लागते. एसीला टायमर लावून पहाटे पाचला चालू होऊ द्या. नातवाच्या आजीला रात्री बाथरूमला उठावं लागत असेल तर तिथे छोटा विजेचा हीटर आणि अंगावर ‘हान्तेन’, म्हणजे कापूस भरलेला जपानी डगला, एवढं पुरेल.

आता खिडकीचं. जपानमधले हीटर बनवणारे आणि अग्निशमन दल दोघंही सांगतात की तासातून एकदा-दोनदा, दर वेळी एक-दोन मिनिटं हवा बदला. एकच खिडकी जराशी किलकिली करण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन पूर्ण उघडा. दुसरी नसेल तर खिडकी उघडून स्वयंपाकघरातला पंखा लावा. ‘ऊब गेली’ या तक्रारीला माझ्याकडे आकड्यांत उत्तर आहे. त्या आठ तातामींच्या खोलीतली सगळी हवा वजनाला चाळीस किलोही भरत नाही. बाहेर शून्य आणि आत वीस अंश असताना ती सगळीच्या सगळी बदलली, तरी पुन्हा तापवायला साधारण २० मिलिलिटर रॉकेल लागतं, म्हणजे चहाचे चार चमचे. तुमचा हीटर तेवढं पाचेक मिनिटांत जाळतो. खरी ऊब भिंतींत, जमिनीत, गाद्यांत, कपाटांत साठलेली असते आणि दोन मिनिटांत ती कुठे जात नाही. यजमानांना हा हिशेब दाखवा. विश्वास बसला नाही तर थर्मामीटर ठेवून बघू देत: पारा खाली येतो आणि खिडकी लावल्यावर थोड्याच वेळात परत चढतो.

पातेल्याचा मुद्दाही याच्याशीच जोडलेला आहे. हवा कोरडी होऊ नये म्हणून पाणी ठेवायचं, हे विजेच्या हीटरला आणि एसीला लागू आहे. रॉकेल जळताना स्वतःच पाणी तयार होतं, एक लिटर रॉकेलमागे एक लिटरहून थोडं जास्तच, आणि ते वाफेच्या रूपाने तुमच्या खोलीत मिसळतं. सकाळी काचांवरून ओघळ येतात, खिडकीच्या चौकटीत काळी बुरशी धरते, ती त्याचीच. आणखी पाणी उकळायची काहीच गरज नाही. शिवाय तीन वर्षांचं मूल आणि हाताच्या उंचीवर उकळतं पातेलं यांचा मेळ मला मान्यच नाही. जपानी घरांत हीटरवर किटली दिसते हे खरं. पण ती लहान मूल नसलेल्या घरातली चाल आहे, आणि एका भूकंपाच्या धक्क्यात तीच किटली अंगावर येते.

टाकी भरण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. रॉकेलच्या हीटरने घर पेटतं ते बरेचदा टाकी भरण्याच्या गडबडीत.

यजमान काय करतात ते डोळ्यांसमोर आणा. टाकी हीटरमध्ये उलटी बसते, झाकण खाली. भरून झाल्यावर झाकण लावायचं, टाकी उलटी करायची आणि पेटत्या हीटरच्या अगदी वरून आत सोडायची. झाकणाचा आटा एक घर चुकला असेल, रबर कडक झालं असेल, तर टाकी उलटी करताक्षणी दोन-तीन लिटर रॉकेल लालबुंद जाळीवर पडतं. मग भडका. टाकी हातात धरलेल्या माणसाच्या कपड्यांवरही तेच रॉकेल असतं.

तुमच्या पत्रातून आणखी एक गोष्ट कळते, कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. जपानमध्ये २००९ पासून या हीटरांना कायद्याने सुरक्षेचे नियम लागू झाले. त्यानुसार टाकी उचलली की ज्योत आपोआप विझायला हवी आणि झाकण नीट लागलंय की नाही ते आवाजाने किंवा खुणेने कळायला हवं. तुमचे यजमान टाकी काढून भरतात आणि हीटर तिकडे जळतच राहतो. याचा अर्थ तो त्या नियमाच्या आधीचा आहे, किंवा त्याची विझवणारी यंत्रणा बिघडलीय. मागच्या बाजूचा पत्र्याचा फलक बघा. वर्तुळात ‘पीएससी’ ही रोमन अक्षरं, म्हणजे त्या नियमांची खूण आहे का, उत्पादनाचं वर्ष कोणतं, आणि जपानच्या ग्राहक विभागाच्या संकेतस्थळावर परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत हा मॉडेल क्रमांक आहे का, हे तपासा. खूण नसेल किंवा खूण असूनही ज्योत विझत नसेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: हा हीटर आजोबांना आदराने परत करा आणि नवा घ्या. साधा, याच प्रकारचा नवा हीटर वीस-पंचवीस हजार येनच्या आसपास मिळतो. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस नसतं तरीही मी हेच सांगितलं असतं. आजोबांना वाईट वाटेल असं समजू नका. घर त्यांचं आहे आणि लाकडाचं आहे.

नवा आणलात तरी भरायची पद्धत तीच. आधी विझवायचा, ज्योत पूर्ण गेली हे वाकून बघायचं. टाकी उचलून ‘गेनकान’मध्ये, म्हणजे दाराशी चपला काढायच्या फरशीवर न्यायची. तातामीवर कधीच नाही. खाली जुना ट्रे, त्यावर वर्तमानपत्र. कॅन आणि टाकी दोन्ही जमिनीवर ठेवा. कॅन उंच स्टुलावर ठेवला तर पंप दाबणं थांबवल्यावरही रॉकेल आपल्या वजनाने वाहत राहतं आणि टाकी भरून फरशीवर येतं. हातपंपाच्या डोक्यावरची बारीक चकती सैल केली की हवा शिरते आणि धार थांबते, ती चकती कुठे आहे ते घरात सगळ्यांना माहीत असू द्या. बॅटरीचा पंप आपोआप थांबतो असं लिहिलेलं असतं, तरी भरत असताना तिथून हलायचं नाही. फोन आला, दूध उतू चाललं, मूल रडलं, तर आधी पंप बंद करायचा.

टाकीवरच्या खुणेपर्यंतच भरा, काठोकाठ नाही. शेडमधलं रॉकेल शून्याच्या आसपास असतं आणि खोलीत आल्यावर फुगतं. पाच लिटरच्या टाकीत वीस अंशांच्या फरकाने साधारण १०० मिलिलिटर वाढ होते, आणि तिला जागा हवी. मग झाकण लावा, ‘कट्’ असा आवाज ऐका, आणि हीटरपाशी नेण्याआधी तिथेच ट्रेवर टाकी उलटी धरून बघा. थेंबही गळता कामा नये. टाकी बाहेरून कोरड्या कापडाने पुसा, हात साबणाने धुवा. कपड्यांवर रॉकेल सांडलं असेल तर ते बदलल्याशिवाय हीटरजवळ जायचं नाही. सांडलेलं रॉकेल एकदम पेटत नाही, पण कापडात मुरलं की तेच वातीसारखं काम करतं. हे सगळं घरातल्या एकाच माणसाने करावं. यजमानांना ही जबाबदारी द्या, संध्याकाळी आल्यावर रोज एकदा. सासूबाईंनी टाकीला हात लावायची वेळच येऊ नये.

वासाचं थोडक्यात. विझताना गरम वातीतून न जळलेली वाफ निघते, थोडा वास कुठल्याही वातीच्या हीटरला येणारच. वात हळूहळू खाली नेली तर तो वाढतो, म्हणून एकदम विझवा आणि त्याच वेळी खिडकी उघडा; हवा बदलायची ती पाळीही त्यात होऊन जाते. जळत असतानाही वास येत असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय. सगळ्यांत सोपं कारण म्हणजे जाळीचं नळकांडं तिरकं बसलेलं असणं. पेटवल्यावर त्याची मूठ धरून डावी-उजवीकडे दोन-तीनदा हलवा, ते खाचेत बसल्याचं हाताला जाणवतं. मग वाकून बघा: जाळी सगळीकडून सारखी लाल हवी. एका बाजूला पिवळी ज्योत उंच जात असेल तर विझवून, निवल्यावर पुन्हा बसवा. टाकी पूर्ण कोरडी पडली असेल तर भरल्यावर वातीला रॉकेल चढायला वीसेक मिनिटं द्या, नाहीतर वातच जळते.

आता तो लाल कॅन. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं असायचं, ते डोळ्यांना लगेच कळायचं. जपानी रॉकेल, म्हणजे ‘तोयु’, पाण्यासारखं स्वच्छ असतं, आणि त्यामुळे दोन भानगडी होतात. पहिली अशी की ते जुनं झालंय हे पटकन दिसत नाही. उन्हात आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात राहिलेलं रॉकेल बिघडतं, त्यात पाणीही उतरतं. ते वापरलं की वातीवर डांबरासारखा थर जमतो, वात जड होते आणि एक दिवस खाली जायचं नाव घेत नाही, म्हणजे हीटर विझवायची कळ फिरवली तरी तो विझत नाही. तपासायचं असेल तर एका पारदर्शक ग्लासात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. जराशी पिवळट झाक किंवा आंबूस वास असला की ते बाद.

पण तुमच्या बाबतीत मी एवढंही करू नका म्हणते, कारण ते शेडमधलं आहे. नागानोतल्या शेडमध्ये बर्फ हटवायचं यंत्र असतं, गवत कापायचं यंत्र असतं, त्यांचं पेट्रोल असतं. आधीच्या भाडेकरूने त्या कॅनमध्ये काय ओतलं होतं ते तुम्हाला माहीत नाही. रॉकेलची वाफ पेटायला ते किमान ४० अंशांपर्यंत तापावं लागतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटते. थोडं पेट्रोल मिसळलं तरी ज्योत हाताबाहेर जाते. बोटावर एक थेंब घेऊन फुंकर मारली तर पेट्रोल लगेच उडून बोट कोरडं होतं आणि रॉकेल ओलं राहतं, ही इथली जुनी परीक्षा आहे, उघड्यावर आणि आगीपासून दूर करायची. तरी थोडीशी भेसळ तिच्यात कळेलच असं नाही. तो कॅन जवळच्या पेट्रोल पंपावर घेऊन जा आणि विचारा. बरेच पंप जुनं रॉकेल ठेवून घेतात. मोरीत, गटारात, बागेत ओतू नका.

नवा कॅन घ्या. तुमच्या भागात लाल, पश्चिम जपानात निळा मिळतो, माल तोच. कॅनवर उत्पादनाचं वर्ष उठवलेलं असतं आणि पाच वर्षांनी तो बदलायचा. १८ लिटर भरल्यावर पंधरा किलोच्या वर वजन होतं, सासूबाईंना उचलायला लावू नका. स्वतः भरायच्या पंपावर नळीची मूठ बघा: रॉकेलची निळी, पेट्रोलची लाल किंवा पिवळी, डिझेलची हिरवी. शंका आली तर माणसाला बोलावून ‘तोयु’ म्हणा आणि दाखवून घ्या. घरी कॅन सावलीत, कुलूपबंद ठेवा, गाडीच्या डिकीत राहू देऊ नका.

पाण्यासारखं दिसण्याची दुसरी भानगड मुलाची आहे. रॉकेल कधीही पाण्याच्या किंवा चहाच्या बाटलीत काढू नका, आणि पंपाचं टोक गळत असेल तर तो उंचावर ठेवा. मुलाने चुकून तोंडात घेतलंच तर ओकवायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा आपल्याकडचा उपाय इथे घातक आहे, कारण उलटीसोबत रॉकेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. दूध नाही, पाणी नाही, सरळ दवाखाना.

दिवसा तुम्ही दोघं बाहेर असता, तेव्हा हीटर हाताळणार सासूबाई. कळींवर जपानी अक्षरं असतात, ती त्यांना वाचता येणार नाहीत. पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक मराठीत ‘पेटवा’ आणि ‘विझवा’ लिहून लावा, विझवायची कळ लाल रंगाने रंगवा आणि तुमच्यासमोर त्यांच्याकडून पुन्हापुन्हा विझवून घ्या. स्वयंपाकघराच्या घड्याळाखाली तासाची आठवण लिहा: खिडकी. शक्य असेल तर मी म्हणेन, तुम्ही घरी नसताना एसी आणि कोतात्सु, म्हणजे खाली विजेचा हीटर आणि वर पांघरूण असलेलं बुटकं टेबल, वापरावं आणि हीटर सकाळ-संध्याकाळ तुम्ही असताना पेटवावा. कोतात्सुच्या पांघरुणात पाय घालून बसायला त्यांना आवडेल आणि नातूही तिथेच बसेल.

हीटरभोवती लोखंडी जाळीचं कुंपण लावा, लहान मुलांच्या दुकानात मिळतं. समोर किमान एक मीटर मोकळं, आणि वर काहीच टांगायचं नाही. बाहेर बर्फ पडतंय म्हणून हीटरवर दोरी बांधून कपडे वाळत घालायचा मोह सगळ्यांनाच होतो; कपडा वाळला की हलका होतो, गरम हवेने हलतो आणि खाली येतो. डिओडरंट, केसांचा स्प्रे, शेगडीचा छोटा गॅसचा डबा, यांतलं काहीही हीटरजवळ नको.

कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा बॅटरीचा अलार्म आजच मागवा. तुमच्या छताला जो अलार्म आहे तो आगीचा आहे. जपानमध्ये तो घरोघरी सक्तीचा आहे, पण या वायूने तो वाजत नाही. भूकंपात हीटर आपोआप विझवणारी यंत्रणा प्रत्येक हीटरला असते. हंगामाच्या सुरुवातीला पुस्तिकेत दिलंय तसं हीटर हलवून ती चालते का बघा. धक्क्यानंतर पुन्हा पेटवण्याआधी सांडलेलं रॉकेल आणि पडलेले कपडे तपासा. आणि सासूबाईंना ११९ हा एकच क्रमांक पाठ करून घ्या: आगीला ‘काजी’, रुग्णवाहिकेला ‘क्यूक्यू’. पत्ता जपानी उच्चारात, देवनागरीत लिहून फोनजवळ चिकटवा. आग हातभर असेल आणि जवळ पावडरचा अग्निशामक असेल तर वापरावा, ज्योत माणसाच्या उंचीला गेली की मुलाला उचलून बाहेर पडावं. जळत्या रॉकेलवर पाण्याची बादली ओतायची नाही.

सासूबाई फेब्रुवारीअखेर परत जातील, मात्सुमोतोची थंडी मात्र मार्चभर रेंगाळेल. तेव्हापासून एका वेळी पाच-सहा लिटरच आणा, म्हणजे हंगाम संपताना कॅन रिकामा होईल. शेवटी हीटरच्या तळातलं रॉकेलही पंपाने काढा, बॅटऱ्या काढा आणि वात कोरडी जाळायची की नाही ते पुस्तिकेत बघून ठरवा. काचतंतूच्या वातीला ते चालतं, सुती वातीला चालत नाही. पुढच्या नोव्हेंबरात ताजं रॉकेल.